सैनिकाचे मन आणि संगणकावरील धडे

घड्याळाला किल्ली दिली म्हणजे आतील पोलादी कमान गुंडाळली जाते आणि पुढे हळूहळू उलगडत आपल्या मूळ स्थितीकडे येते. ताण सोसून पूर्ववत् होण्याच्या या गुणाला पदार्थविज्ञानात स्थितिस्थापकता म्हणतात. माणसाच्या मनालाही असाच एक गुण असतो. भय, दुःख किंवा आघात सोसूनही जो मनुष्य काही काळाने आपल्या कामाकडे व आपल्या माणसांकडे परतू शकतो, त्याचे मन लवचीक आहे असे आपण म्हणतो. हा गुण केवळ जन्मजात आहे, की कवायतीप्रमाणे तो शिकवता येतो? आणि शिकवता येत असेल, तर संगणकाच्या पडद्यावरून तो शिकवता येईल काय? या प्रश्नांचा विचार आपल्याला येथे करावयाचा आहे.

जुनी जखम

पहिल्या महायुद्धात तोफांच्या माऱ्याखाली राहिलेल्या अनेक सैनिकांची वाचा बसली, हातपाय थरथरू लागले, झोप नाहीशी झाली. अंगावर मात्र जखम दिसत नसे. १९१५ च्या फेब्रुवारीत चार्ल्स मायर्स यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशा रुग्णांची हकीकत 'शेल शॉक' या नावाखाली प्रसिद्ध केली. परंतु जे दिसत नाही त्यावर विश्वास बसणे कठीण असते. त्या युद्धात पलायन, भ्याडपणा इत्यादी आरोपांवरून ज्यांना गोळ्या घालण्यात आल्या, अशा ३०६ ब्रिटिश व राष्ट्रकुलीय सैनिकांना २००६ मध्ये मरणोत्तर क्षमा देण्यात आली. त्यांपैकी काहींची मने आधीच मोडलेली होती, असे आज मानले जाते.

त्याच काळात एडिंबरोजवळील क्रेगलॉकहार्ट रुग्णालयात विल्यम रिव्हर्स हे डॉक्टर मनाने खचलेल्या अधिकाऱ्यांवर उपचार करीत होते. निलगिरीतील तोडा लोकांवर १९०६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथामुळे भारतीय अभ्यासकांना त्यांचे नाव परिचित आहे. "झाले ते विसरून जा" हा उपदेश रुग्णाला अपाय करतो, असे त्यांना आढळले. दिवसा दडपलेली आठवण रात्री स्वप्नात उसळून येई. म्हणून त्या आठवणीकडे थोडे थोडे पाहावे आणि तिची सोसता येईल अशी बाजू शोधावी, असे ते सांगत. १९१७ च्या डिसेंबरात त्यांनी हे विचार लंडनमधील वैद्यांच्या सभेपुढे मांडले.

दडपणे आणि नव्याने पाहणे

रिव्हर्स यांच्या अनुभवाला पुढे प्रयोगशाळेतून आधार मिळाला. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ जेम्स ग्रॉस यांनी १९९८ मध्ये एक प्रयोग प्रसिद्ध केला. त्यात विद्यार्थ्यांना शस्त्रक्रियेने हात कापण्याचे किळसवाणे चित्रण दाखविले होते. एका गटाला नुसते पाहण्यास सांगितले. दुसऱ्याला, एखाद्या वैद्याप्रमाणे अलिप्तपणे पाहण्यास. आणि तिसऱ्याला, भावना चेहऱ्यावर मुळीच न दिसू देण्यास. तिसऱ्या गटाचे चेहरे शांत राहिले खरे, पण त्यांना वाटलेली किळस कमी झाली नाही. उलट शरीरातील उत्तेजना वाढली. अलिप्तपणे पाहणाऱ्यांना मात्र किळसच कमी वाटली. आणखी दोन वर्षांनी असेही आढळले, की भावना लपविण्यात गुंतलेल्या मनाला त्या वेळी ऐकलेले तपशील नीट आठवत नाहीत. ज्याला रणांगणावर हुकूम अचूक ऐकावयाचा आहे, त्याच्या दृष्टीने ही गोष्ट लहान नव्हे.

धड्यांत काय असते?

१९७५ पूर्वीच अल्बर्ट एलिस या मानसोपचारतज्ज्ञाने सुटसुटीत अशी त्रिपदी मांडली होती : घटना, तिच्याविषयीची समजूत आणि परिणाम. समजा, सीमेवरील एका जवानाने घरी संदेश पाठविला आणि दोन दिवस उत्तर आले नाही. ही घटना. "घरी काही तरी विपरीत घडले आहे" ही समजूत. बेचैनी व निद्रानाश हा परिणाम. आपण मानतो की उत्तर न येण्यानेच झोप गेली; वस्तुतः ती मधल्या समजुतीने गेली. मग स्वतःला विचारावयाचे : या समजुतीला पुरावा काय? दुसरे कारण संभवते काय? आणि खरेच संकट असेल, तर आता माझ्या हाती काय आहे? सर्व काही ठीक आहे असे मनाला खोटे पटविणे, हा याचा अर्थ नव्हे. खऱ्या धोक्याचे भय हे पहारेकऱ्यासारखे उपयोगीच असते.

दुसरे कौशल्य श्वासाचे. वाचकाने मनगटावरील नाडी धरून सावकाश श्वास घ्यावा व त्याहून सावकाश सोडावा. श्वास सोडताना नाडी किंचित मंदावते, असे पुष्कळांना जाणवेल. हृदयाचा वेग आवरणारी मज्जा त्या वेळी अधिक काम करते. तिसरे कौशल्य म्हणजे भावनेला नेमके नाव देणे. 'बरे वाटत नाही' याऐवजी 'मला लाज वाटते' असे म्हणता आले, म्हणजे पुढची वाट सुचू लागते.

पडद्याची सोय व मर्यादा

अमेरिकन भूसेनेने २००९ च्या ऑक्टोबरात सुमारे अकरा लाख सैनिकांसाठी असा कार्यक्रम सुरू केला. प्रत्येकाने संगणकावर १०५ प्रश्नांची उत्तरे द्यावयाची. त्यांतून भावनिक, सामाजिक, कौटुंबिक व आत्मिक बळाचा अंदाज त्याचा त्यालाच मिळे आणि त्यानुसार पडद्यावरील धडे निवडता येत. शिवाय सार्जंट दर्जाच्या सैनिकांना पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाने आखलेले दहा दिवसांचे शिक्षण देऊन प्रत्यक्ष शिकविणारे तयार करण्यात आले.

पडद्याची सोय उघड आहे. दूरच्या ठाण्यावरही धडा पोहोचतो, आणि चारचौघांत मन उघडे करण्याचा संकोच वाटणाऱ्याला तो एकांतात गिरवता येतो. पण पोहणे पुस्तक वाचून येत नाही, तसे धीर धरणेही केवळ पडद्याकडे पाहून येत नाही. त्याला रोजचा सराव हवा, आणि चूक झाली तर सांभाळून घेणारा सोबती हवा. आपली उत्तरे वरिष्ठांच्या हाती जातील अशी शंका आली, तर सैनिक खरे उत्तर देणार नाही, हेही ध्यानात ठेवले पाहिजे.

पुरावा काय सांगतो?

या कार्यक्रमावर गंभीर आक्षेप घेतले गेले. त्याचा पाया असलेली पद्धत मुळात शाळकरी मुलांमधील खिन्नता टाळण्यासाठी तयार झाली होती. युद्धात जाणाऱ्या प्रौढांवर तिची पुरेशी चाचणी आधी झालीच नव्हती. २०१४ मध्ये अमेरिकेतील वैद्यकसंस्थेच्या तज्ज्ञ समितीने सैन्याच्या अशा प्रतिबंधक कार्यक्रमांची छाननी केली आणि त्यांपैकी अनेकांच्या मागे भक्कम पुरावा नाही, असा निर्वाळा दिला. यावरून कौशल्ये निरुपयोगी ठरत नाहीत. परंतु त्यांचे माप नेमके घेतले पाहिजे, हे ठरते. देवीच्या लसीने देवी टळत असे. मनाच्या आघातावर तशी लस नाही.

एक धोका याहूनही मोठा आहे. "तुला धडे दिले होते, तरी तू खचलास," असे कोणी म्हणू लागला, तर १९१५ सालचाच अन्याय नव्या भाषेत परत येईल. उत्तम पोलादाची कमानही मर्यादेबाहेर ताणली तर तुटते, आणि त्याचा दोष कोणी कमानीला देत नाही. म्हणून पुरेशी विश्रांती, न्यायी वरिष्ठ, घराशी संबंध आणि वेळेवर उपचार यांची जबाबदारी सैन्यावर व समाजावर राहतेच. भावनिक शिक्षणाचा खरा उपयोग सैनिकाला दगड बनविण्यात नाही. आपल्याला मदतीची गरज आहे हे त्याला वेळीच ओळखता यावे आणि ते लाज न बाळगता सांगता यावे, यातच त्या शिक्षणाचे सार्थक आहे.