दप्तर कोणाचे?

विद्यार्थिमित्रांनो, दप्तर हा शब्द तुमच्या तोंडी रोजचाच आहे. पण पाठीवरच्या पिशवीखेरीज मराठीत त्याचा दुसराही एक अर्थ आहे. राज्यकारभाराच्या कागदपत्रांचा संग्रह म्हणजेही दप्तरच. पुण्याचे पेशवे दप्तर इतिहासाच्या अभ्यासकांना सुपरिचित आहे. १८१८ साली पेशवाई बुडाली, तेव्हा हे दप्तर इंग्रजांच्या हाती गेले आणि आपल्याच पूर्वजांनी लिहिलेले कागद पाहण्यास आपल्याच इतिहासकारांना दीर्घकाळ मज्जाव राहिला. पुढे गोविंद सखाराम सरदेसाई यांच्या संपादनाखाली १९३० पासून त्यांतील निवडक कागद ४५ खंडांत प्रसिद्ध झाले. पाठीवरचे दप्तर ज्याचे त्याचे असते. मग सरकारी कपाटातले दप्तर कोणाचे? या प्रश्नाचा विचार आम्ही येथे करू इच्छितो.

परकीय राज्यकर्त्यांच्या मते ते सरकारचे होते. १९२३ साली त्यांनी केलेला शासकीय गुपितांचा कायदा याच वृत्तीतून निघाला. स्वातंत्र्यानंतर राज्य प्रजेचे झाले, तरी कपाटाची कुलपे तीच राहिली. सरकारी कारभार जाणून घेण्याचा जनतेला हक्क आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९७५ साली राज नारायण खटल्यात सांगितले खरे. परंतु तो हक्क बजावावयाचा कसा, हे सांगणारा कायदा नव्हता.

त्या कायद्याची वाट दाखविली ती राजस्थानातील मजुरांनी. दुष्काळी कामांवर राबूनही त्यांना ठरलेली मजुरी मिळत नसे. मजदूर किसान शक्ती संघटनेने १९९४ च्या डिसेंबरपासून गावोगावी जनसुनावण्या घेतल्या आणि हजेरीपट व बिले लोकांसमोर मोठ्याने वाचून दाखविली. तेव्हा कधीही कामावर न गेलेल्यांची नावे हजेरीपटावर असल्याचे उघड झाले. १९९६ साली ब्यावर येथे लोक चाळीस दिवस धरणे धरून बसले. त्यांची मागणी एवढीच होती की, हे कागद आम्हांला पाहू द्या. पुढे एकेका राज्याने कायदे केले. आपल्या गोव्याने तर १९९७ सालीच, म्हणजे केंद्राच्या आठ वर्षे आधी, असा कायदा केला होता. १२ ऑक्टोबर २००५ पासून माहितीच्या अधिकाराचा केंद्रीय कायदा अंमलात आला.

या कायद्याची रीत साधी आहे. कोणत्याही नागरिकाने संबंधित कचेरीच्या माहिती अधिकाऱ्याकडे अर्ज करावा. माहिती कशासाठी हवी, हे सांगण्याचे बंधन नाही. कोणास लिहिता येत नसेल, तर त्याचे तोंडी म्हणणे लिहून काढण्यास अधिकाऱ्याने साहाय्य केले पाहिजे. उत्तर तीस दिवसांत, आणि प्रश्न कोणाच्या जीविताचा वा स्वातंत्र्याचा असेल तर अठ्ठेचाळीस तासांत मिळावयास हवे. न मिळाल्यास वरिष्ठांकडे व नंतर माहिती आयोगाकडे अपील करता येते. सबळ कारणावाचून टाळाटाळ करणाऱ्या अधिकाऱ्यास दररोज २५० रुपये, कमाल २५,००० रुपयांपर्यंत, दंड होऊ शकतो.

याचा प्रत्यय आम्हांस आमच्या गावातच आला. एका वृद्ध बाईंचे निवृत्तिवेतन बंद पडले होते. कचेरीत विचारले की, "फाईल वर गेली आहे," एवढेच उत्तर मिळे. एके संध्याकाळी शाळेच्या पायरीवर बसून त्यांनी आम्हांस विचारले, "मास्तर, वयर म्हळ्यार खंय?" वर म्हणजे कुठे, या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशीही नव्हते. मग आम्ही त्यांच्या वतीने अर्ज लिहिला. फाईल आज कोणाच्या टेबलावर आहे, कोणत्या तारखेपासून आहे आणि वेतन कोणत्या कारणाने थांबले, असे तीनच प्रश्न विचारले. महिन्याभरात उत्तर आले. फाईल कोठेही वर गेली नव्हती; एका दाखल्यावाचून ती त्याच कपाटात पडून होती. दाखला दिला आणि वेतन सुरू झाले.

मात्र कपाटातील प्रत्येक कागद सर्वांनी पाहावयाचा नसतो. देशाचे संरक्षण, चालू तपास यांसारख्या बाबी कायद्याने वगळल्या आहेत. तसेच माणसाचे खाजगी जीवन. खाजगीपण हा मूलभूत हक्क आहे, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी दिला. तुमच्या नित्याच्या अनुभवातलेच उदाहरण घ्या. परीक्षार्थीला स्वतःची तपासलेली उत्तरपत्रिका पाहण्याचा हक्क आहे, असे याच न्यायालयाने २०११ साली ठरविले. पण ती तपासणाऱ्याचे नाव मात्र त्याला कळू नये, असेही सांगितले. गुण कसे दिले हा झाला कारभार. तो उघडा असावा. परीक्षकाच्या दारी कोणी जाब विचारण्यास जाऊ नये, म्हणून नाव झाकलेले असावे.

ही सीमारेषा आखणे मात्र सोपे नाही. २०२३ च्या वैयक्तिक माहितीविषयक कायद्याने माहितीच्या अधिकारातील खाजगी माहितीचे कलम पूर्वीपेक्षा कडक केले. खाजगीपणाच्या नावाखाली हजेरीपटावरील नावेही झाकली जातील काय, अशी शंका अनेकांनी बोलून दाखविली आहे. ती आम्हांस अनाठायी वाटत नाही. व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते, हे कलम अजून कायम आहे. पण ते वापरावयाचे तर विचारणारा माणूस हवा.

विद्यार्थिमित्रांनो, हा अधिकार नागरिकांना देताना कायद्याने वयाची अट घातलेली नाही. प्रत्येक कचेरीने आपले काम, नियम व अधिकाऱ्यांची नावे आपण होऊन प्रसिद्ध करावयाची असतात. येत्या सुट्टीत आपल्या पंचायतीत जाऊन ही माहिती लावली आहे काय, ते पाहून या. आणि शेजारची एखादी आजी "वर म्हणजे कुठे" असे विचारू लागली, तर पाठीवरच्या दप्तरातील एक कोरा कागद काढून तिला अर्ज लिहून द्या.