सोनेरी केसांचा पुरावा

विद्यार्थिमित्रांनो, एखादी वस्तू दुसरीसारखी दिसली, म्हणजे ती तीच आहे असे म्हणता येईल काय? प्रयोगशाळेत या प्रश्नाचे उत्तर चुकले तर फार तर काही गुण जातात. न्यायालयात चुकले तर एखाद्याचे प्राण जातात. ऑस्ट्रेलियातील मेलबर्न शहरी घडलेली एक सत्यकथा या दृष्टीने अभ्यासण्यासारखी आहे.

३० डिसेंबर १९२१ रोजी बारा वर्षांची एक शाळकरी मुलगी घरच्या कामासाठी शहरात गेली, ती परतलीच नाही. दुसऱ्या दिवशी पहाटे गन अ‍ॅली नावाच्या अरुंद गल्लीत तिचा मृतदेह सापडला. तिचा गळा दाबून खून झाला होता. सारे शहर संतापाने पेटून उठले. वृत्तपत्रांनी हा विषय दिवसेंदिवस धगधगत ठेवला. गुन्हेगाराचा माग सांगणाऱ्यास सरकारने १००० पौंडांचे, तर 'हेरल्ड' या वृत्तपत्राने २५० पौंडांचे इनाम जाहीर केले. त्या काळी ही रक्कम फार मोठी होती.

त्या गल्लीजवळच कॉलिन कॅम्पबेल रॉस नावाच्या २९ वर्षांच्या तरुणाचे मद्यगृह होते. त्याचा लौकिक फारसा चांगला नव्हता. तशा वर्णनाची मुलगी आपण रस्त्याने जाताना पाहिली, एवढे त्याने पोलिसांना सांगितले. मात्र खुनाशी आपला काही संबंध नाही, असेच तो शेवटपर्यंत म्हणत राहिला. १२ जानेवारी १९२२ रोजी त्याला अटक झाली आणि फेब्रुवारीत खटला उभा राहिला.

फिर्यादी पक्षाचा पुरावा दोन प्रकारचा होता. पहिला साक्षीदारांचा. रॉसने आपल्याजवळ गुन्हा कबूल केला, असे त्याच्याकडील एका माजी नोकर स्त्रीने सांगितले; तुरुंगातील एका कैद्यानेही तसेच सांगितले. परंतु या दोन 'कबुल्या' एकमेकींशी जुळत नव्हत्या. शिवाय हे साक्षीदार पुढे इनामाच्या रकमेचे वाटेकरी झाले. ज्याला बोलण्याने लाभ होतो, त्याचे बोलणे अधिक काटेकोरपणे तोलावे लागते, हा व्यवहारातला साधा नियम येथे बाजूला पडला.

दुसरा पुरावा विज्ञानाचा, म्हणून अधिक वजनदार वाटणारा. रॉसच्या घरातून आणलेल्या ब्लँकेटांवर काही सोनेरी केस सापडले होते. सरकारी रसायनतज्ज्ञाने ते मृत मुलीच्या केसांशी सूक्ष्मदर्शकाखाली ताडून पाहिले. दोन्ही केसांचा रंग तंतोतंत एक नाही, हे त्याने मान्य केले. तरीही ते एकाच डोक्यावरचे आहेत, असा निष्कर्ष त्याने न्यायालयापुढे मांडला. निरीक्षण एक सांगत होते, निष्कर्ष त्याच्या पुढे धावत होता. परंतु ज्यूरीतील सामान्य माणसांना सूक्ष्मदर्शकाची भाषा कोठून कळणार? तज्ज्ञाचा शब्द त्यांनी प्रमाण मानला व रॉस दोषी ठरला.

रॉसचे वकील टी. सी. ब्रेनन यांची त्याच्या निरपराधीपणाविषयी खात्री होती. अपिले झाली. ऑस्ट्रेलियाच्या उच्च न्यायालयात पाच न्यायाधीशांपैकी एकट्या आयझॅक्स यांनी भिन्न मत नोंदविले. पण बहुमतापुढे ते टिकले नाही. २४ एप्रिल १९२२ रोजी रॉसला फाशी देण्यात आले. खून होऊन तेव्हा पुरते चार महिनेही झाले नव्हते. आपले निर्दोषत्व एक दिवस सिद्ध होईल, असे त्याने अखेरच्या पत्रात आईला कळविले होते. ब्रेनन यांनी त्याच वर्षी या खटल्यावर पुस्तक लिहिले. पण लोक हळूहळू सारे विसरले.

सत्तर वर्षांनंतर केव्हिन मॉर्गन या संशोधकाने हे प्रकरण पुन्हा अभ्यासावयास घेतले. १९९५ साली सरकारी दप्तरातील जुन्या कागदांत त्यांना एक अमोल वस्तू गवसली: खटल्यात दाखविलेले तेच केस! १९९८ साली दोन स्वतंत्र प्रयोगशाळांतील तज्ज्ञांनी ते पुन्हा सूक्ष्मदर्शकाखाली तपासले. ब्लँकेटांवरील केस त्या मुलीचे नव्हतेच, असे दिसून आले. साधन तेच, सूक्ष्मदर्शक. फरक होता तो ज्ञानाचा आणि पाहणाऱ्याच्या सावधपणाचा.

पुढे न्यायासाठी अर्ज झाला, आणि त्यामागे केवळ रॉसचे नातलग नव्हते, तर मृत मुलीचे आप्तही होते. ज्यांचे मूल गेले, त्यांनाही चुकीच्या माणसाची शिक्षा नको होती, ही गोष्ट मनात जपून ठेवण्यासारखी आहे. २००७ साली तीन न्यायाधीशांनी या खटल्यात न्याय झाला नसल्याचे मत दिले आणि २७ मे २००८ रोजी व्हिक्टोरिया राज्याच्या राज्यपालांनी रॉसला मरणोत्तर माफी दिली. फाशीला तेव्हा ८६ वर्षे झाली होती. त्या राज्यातून देहान्ताची शिक्षा १९७५ सालीच रद्द झाली होती.

मुलीचा खरा मारेकरी मात्र कधीच सापडला नाही. घाईने एकाला दोषी ठरविले की दुसऱ्याचा शोध आपोआप थांबतो. म्हणजे एका चुकीने दोन अन्याय होतात. रॉसवर झाला तो एक, आणि त्या अश्राप मुलीवर झाला तो दुसरा.

विद्यार्थ्यांनो, ते केस कोणीतरी नीट जपून ठेवले, म्हणून सत्य उशिरा का होईना परत आले. रॉस मात्र परत येऊ शकला नाही. तेव्हा जनक्षोभ कितीही मोठा असो, 'सारखे' आणि 'तेच' यांतील अंतर विसरू नका. आणि आपल्या निरीक्षणाने जेवढे सांगितले, तेवढेच बोलण्याची सवय आजपासूनच लावून घ्या.