आलेली चिठ्ठी आणि जुनी नोंद

संगणकांतील एखादी नोंद दुसऱ्या संगणकाकडे पाठवावयाची झाल्यास प्रथम ती अक्षरांच्या ओळींत उतरवावी लागते; आणि पलीकडे पोहोंचल्यावर त्या अक्षरांतून ती पुन्हा उभी करावी लागते. या दुसऱ्या क्रियेस डीसीरिअलायझेशन म्हणतात. आम्ही तिला येथें ‘पुनर्रचना’ म्हणूं. वरच्या वर्गांतील विद्यार्थ्यांना ती ठाऊक आहे. परंतु पलीकडे तीच नोंद अगोदरच असेल व येणारा मजकूर केवळ तिच्यांतील बदलापुरता असेल, तर काय करावें, हा प्रश्न वाटतो त्याहून अवघड आहे.

शाळेच्या जनरल रजिस्टराचें उदाहरण घेऊं. एका मुलाच्या नोंदींत नांव, यत्ता, पत्ता, पालकांचे दूरध्वनि क्रमांक आणि ‘शेंगदाणे वर्ज्य’ अशी वैद्यकीय सूचना आहे. पत्त्याच्या पोटांत गांव, तालुका व जिल्हा असे तीन रकाने आहेत. मुलाचें बिऱ्हाड बेलापुराहून टाकळीभानास गेलें. तालुका श्रीरामपूरच राहिला. पालकांनीं चिठ्ठी धाडली ती एवढीच: पत्ता, गांव, टाकळीभान.

पुनर्रचनेची नेहमींची रीत अशी कीं, कोरी नोंद घ्यावी, चिठ्ठींत आलेले रकाने भरावे व बाकीचे कोरे सोडावे. ही नोंद जुनीच्या जागीं ठेवली, तर गांव बरोबर होईल, पण ‘शेंगदाणे वर्ज्य’ हे दोन शब्द नाहींसे होतील. आणि सहलीच्या दिवशीं डबे उघडेपर्यंत तें कोणाच्या लक्षांतहि येणार नाहीं. यंत्र कुरकुरत नाहीं. त्याच्या दृष्टीनें कांहीं चुकलेलेंच नसतें.

यावर उपाय असा कीं, कोरी नोंद न घेतां जुनीच पुढें ठेवून तींत मजकूर मिसळावा. जावा भाषेंतील जॅक्सन या लायब्ररींत त्यासाठीं ‘रीडरफॉरअपडेटिंग’ नांवाची सोय आहे. येथें विद्यार्थी निश्चिंत होतात, आणि येथेंच ठेंच लागते. हें मिसळणें वरवरचें असतें. चिठ्ठींत ‘पत्ता’ आला एवढें पाहून जॅक्सन आंतील जुना पत्ता सबंध टाकते व नवा बांधते. त्यांत गांव असतें, तालुका नसतो. आंतपर्यंत मिसळावयाचें असेल, तर त्या रकान्यावर ‘जेसनमर्ज’ ही खूण करावी लागते. ती सन २०१७ मधील २.९ या आवृत्तीपासून मिळाली.

याद्यांची गोष्ट तर आणखी निराळी. चिठ्ठींत एकच दूरध्वनि क्रमांक आला, तर तो जुन्यांत मिळवावा, कीं जुने काढून तेवढाच ठेवावा? ‘जेसनमर्ज’ची खूण असलेली यादी वाढत जाते, प्रोटोकॉल बफर्सच्या पद्धतींतहि मिसळतांना यादी लांबतेच. उलट ऑक्टोबर २०१४ मध्यें प्रसिद्ध झालेल्या आरएफसी ७३९६ या नियमपत्राप्रमाणें यादी सबंध बदलते, आणि गो भाषाहि जुनी यादी रिकामी करून नव्यानें भरते. आमच्या मतें सबंध बदलणेंच बरें. कारण जाळ्यावर एकच चिठ्ठी दोनदां पोहोंचणें ही नित्याची गोष्ट आहे, आणि यादी वाढविणारी रीत तोच क्रमांक दोनदां लिहून बसेल.

आतां मौन आणि नकार यांतील भेद पाहावा. रकाना चिठ्ठींत मुळींच नसणें एक, आणि असून त्यापुढें ‘नल’ लिहिलेलें असणें दुसरें. ७३९६ प्रमाणें ‘नल’ म्हणजे ‘हें पुसा’. गो भाषेंत साध्या शब्दाच्या किंवा अंकाच्या रकान्यापुढें ‘नल’ आला, तर जुनी किंमत जशीच्या तशी राहते. म्हणजे डॉक्टरांनीं पथ्य उठविल्यावर पालकांनीं ‘नल’ धाडला, तर एका ठिकाणीं सूचना जाईल व दुसऱ्या ठिकाणीं कायम राहील. चिठ्ठी मात्र तीच!

शिवाय कोणता रकाना बाहेरच्यानें बदलूं द्यावा हें ठरवावयास हवें. मार्च २०१२ मध्यें गिटहबवर एका प्रोग्रामरनें आपली किल्ली नोंदविण्याच्या अर्जांत दुसऱ्याच्या खातेक्रमांकाचा एक जादा रकाना घातला. यंत्रणेनें आलें तें सारें मिसळून घेतलें, आणि रेल्स या प्रकल्पांत लिहिण्याचा अधिकार त्याला मिळाला. सन २०१३ मधील रेल्स ४ पासून परवानगीचे रकाने नांवानिशीं सांगावे लागतात.

राहतां राहिली एक अडचण. मिसळणें अर्ध्यावर आलें असतां पुढील मजकूर सदोष निघाला, तर जुनी नोंद अर्धी बदललेली व अर्धी तशीच अशी उरते. तिला ना जुनी म्हणतां येत, ना नवी. म्हणून मूळ नोंदीस हात न लावतां तिची आंतील पत्त्यासकट पुरी नक्कल घ्यावी, चिठ्ठी त्या नकलेंत मिसळावी, सर्व रकाने तपासावे, आणि मगच नक्कल मूळ नोंदीच्या जागीं ठेवावी.