दोन सत्तांतरे

नागपूर नगर गोंड राजा बख्त बुलंदशहा याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी वसविले. १७४३ साली येथील सत्ता पहिल्या रघूजी भोसल्यांच्या हाती आली. तथापि त्यांनी गोंड राजा बुऱ्हाणशहा याची पदवी काढून घेतली नाही. उत्पन्नाचा काही वाटा देऊन त्याचा मान राखला.

दुसरे सत्तांतर निराळे होते. ११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजी निपुत्रिक वारले. राण्यांनी घेतलेल्या दत्तकास मान्यता न देता लॉर्ड डलहौसीने राज्य खालसा केले. राजवाड्यातील हत्ती, घोडे व जडजवाहीर यांचा लिलाव झाला. दरबाराच्या आश्रयावर जगणाऱ्या अनेकांचा आधार तुटला. वृद्ध राणी बाकाबाई यांनी दाद मागितली; पण व्यर्थ!

असे असूनही १८५७ च्या उठावात बाकाबाई इंग्रजांच्या बाजूस राहिल्या. त्या अपमान विसरल्या होत्या काय? की घराण्याच्या रक्षणाचा तोच एक मार्ग त्यांना दिसला? पुढे त्या दत्तक पुत्रास, जानोजींना, ‘देऊरचे राजेबहादूर’ ही पदवी मिळाली. राज्य मात्र परत मिळाले नाही.

मुलांनो, जिंकणे हे बळाचे काम आहे. जिंकलेल्यांचा मान राखण्यास मन मोठे असावे लागते.