गच्चीवरचा लाकडी डेक राखाडी का पडतो?

प्रश्न : आम्ही मूळचे पुण्याचे, आता लखनौजवळ अमौसीला राहतो. दोन वर्षांपूर्वी गच्चीवर सागवानी फळ्यांचा डेक करून घेतला आणि त्यावर वार्निशचे चांगले दोन हात दिले. आता फळ्या राखाडी पडल्या आहेत, वार्निशचे पापुद्रे सुटतात आणि उन्हाळ्यात फटी रुंदावतात. शेजारी म्हणतात, इथली हवाच लाकडाला सोसत नाही. मग पुण्याच्या वाड्यांतले खांब दोन-दोनशे वर्षं कसे उभे राहिले? शहराबाहेरच्या जमिनीवर ओंडक्यांचं घर बांधायचा विचार आहे, तो सोडून द्यावा का?

उत्तर : घाबरून फळ्या उखडू नका. राखाडी रंग म्हणजे कूज, हा गैरसमज फार रुजलेला आहे. लाकडातल्या तंतूंना एकमेकांशी धरून ठेवणारं लिग्निन नावाचं द्रव्य असतं. उन्हातले अतिनील किरण ते फोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि वर फिकट तंतू उरतात. हा बदल अगदी वरच्या पातळ थरापुरता असतो. खात्री करायची तर स्क्रू ड्रायव्हर घेऊन फळीत टोचून पाहा : स्क्रूंच्या आजूबाजूला, फळीच्या टोकांना आणि मुख्य म्हणजे खालच्या पट्ट्यांना. टोक अडलं तर लाकूड शाबूत आहे. टोक सहज आत गेलं आणि लाकूड भुसभुशीत होऊन तुकड्यांनी सुटलं, तर ती कूज.

कूज बुरशीमुळे होते. लाकडातली ओल साधारण २० टक्क्यांच्या वर गेली आणि तिथेच मुक्काम करून राहिली, तरच बुरशीला जगता येतं. म्हणजे भिजल्यामुळे लाकूड कुजत नाही, भिजून वाळता न आल्यामुळे कुजतं. तुमच्या प्रश्नाची बाकीची उत्तरं याच्यातच आहेत.

वार्निशचं पाहू. वार्निशचा थर वरून कडक बसतो, पण त्याखालची फळी ऋतूप्रमाणे फुगत-आकसत असते. थर तडकतो, त्या बारीक चिरेतून पाणी आत शिरतं आणि उरलेल्या थरामुळे ते लवकर बाहेर पडू शकत नाही. उघड्यावरच्या फळीला वार्निशचा आणखी एक हात द्यायचा म्हणजे ओल आत कोंडायची. ‘जास्त वार्निश, जास्त संरक्षण’ हे बैठकीतल्या खुर्चीला लागू आहे, गच्चीला नाही.

फटींचं कारण निव्वळ हिशेबाचं आहे. लखनौच्या मे महिन्यात लू वाहत असते तेव्हा लाकडातली ओल सहा-सात टक्क्यांवर येऊ शकते, ऑगस्टमध्ये तीच सोळा-सतरावर जाते. एवढ्या फरकाने १४० मिलिमीटर रुंदीची सागवानी फळी अडीच-तीन मिलिमीटर कमी-जास्त होते, लांबीत मात्र जवळजवळ काहीच फरक पडत नाही. म्हणून उन्हाळ्यातल्या फटी पुट्टी भरून बुजवू नका. बुजवल्यात तर पावसाळ्यात फुगलेल्या फळ्यांना जागा उरणार नाही आणि त्या वर उचलल्या जातील.

आता पुण्याचे वाडे. आधी हे ध्यानात घ्यावं की जे टिकलं तेवढंच आपल्याला दिसतं. शनिवारवाड्यातलं लाकूडकाम १८२८ च्या आगीत गेलं, विश्रामबागवाड्याचा काही भाग १८७९ च्या आगीत जळाला, आणि वाळवीने संपवलेल्या साध्या वाड्यांची तर मोजदादच नाही. जे खांब उरले, त्यांच्या बुडाशी वाकून बघा. खांब जमिनीत पुरलेला नसतो, तो दगडी तळखड्यावर उभा असतो आणि तळखडा जोत्यावर. लाकूड सर्वांत जास्त पाणी पितं ते तंतूंच्या कापलेल्या तोंडांनी, आणि खांबाची ती तोंडं नेमकी बुडाशी असतात. तळखडा त्यांना जमिनीतल्या ओलीपासून तोडतो. वर छपराची पाखी भिंतीच्या पुढे काढलेली असते, त्यामुळे पागोळ्यांचं पाणी खांबापासून दूर पडतं. इतका विचार ज्या गवंड्या-सुतारांनी केला, त्यांच्याबद्दल मला मनापासून आदर वाटतो. शिवाय ते सागवान जुन्या झाडांच्या गाभ्याचं होतं. सागाचं टिकाऊ तेल गाभ्यातच असतं. सालीलगतचं पांढुरकं लाकूड सागाचं असलं तरी कुजतं आणि त्याला वाळवीही लागते. लागवडीच्या कोवळ्या सागात हाच भाग जास्त निघतो, त्यामुळे नुसतं ‘सागवान आहे’ एवढ्यावर विसंबू नये.

लखनौच्या हवेवरचा आळ मात्र खोटा आहे. शेजारी कदाचित बड्या इमामबाड्याकडे बोट दाखवतील, कारण तिथल्या प्रचंड दालनाच्या छताला एकही तुळई नाही. पण तो बांधणाऱ्या नवाब आसफउद्दौल्याच्या कारागिरांनी विटा आणि चुना वापरला, कारण गंगेच्या गाळाच्या प्रदेशात जवळचं साहित्य तेच. तराईतल्या जंगलांतला साल, ज्याला तिकडचा मिस्त्री ‘साखू’ म्हणतो, रेल्वेच्या रुळांखाली स्लीपर म्हणून वर्षानुवर्षं ऊन-पाऊस खात राहिला. चांगलं लाकूड त्या हवेत टिकतं.

तुमच्या डेकसाठी काम असं करावं. पाऊस ओसरल्यावर आणि धुकं सुरू व्हायच्या आधी, ऑक्टोबरच्या अखेरीस, फळ्या चांगल्या वाळू द्या. वार्निश पूर्ण घासून काढा. जोराच्या पाण्याच्या फवाऱ्याने धुऊ नका, त्याने मऊ तंतू उचकटतात. मग लाकडात मुरणारं, रंगद्रव्य असलेलं डेकचं तेल लावा. अतिनील किरण अडवतं ते रंगद्रव्य, बिनरंगाचं तेल नव्हे. फळ्यांच्या कापलेल्या टोकांना दोनदा लावा. दहा मिनिटांनी वर उरलेलं तेल पुसून घ्या. पुढच्या वर्षी फळीवर पाण्याचे थेंब टाकून पाहा : थेंब उभे राहिले तर थांबा, लगेच मुरले तर पुन्हा तेलाची वेळ झाली. तेलाची फडकी चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. जवसासारखी वाळणारी तेलं हवेशी संयोग पावताना तापतात आणि असा बोळा आपोआप पेटू शकतो. फडकी उघड्यावर पसरून वाळवा.

याहून महत्त्वाचं काम फळ्यांखाली आहे. खालच्या पट्ट्या थेट स्लॅबवर पडल्या असतील तर त्यांच्या आडोशाला पाणी आणि पालापाचोळा साठतो. त्या रबरी किंवा प्लास्टिकच्या बैठकींवर उचलून घ्या, पाण्याला उताराकडे जायला वाट ठेवा. पट्ट्या स्लॅबमध्ये ठोकून बसवू नका, त्याने गच्चीचं वॉटरप्रूफिंग फुटतं.

राहिलं ओंडक्यांचं घर. विचार सोडू नका, पण एक गोष्ट समजून घ्या. लाकूड आडव्या अंगाने आकसतं आणि ओंडक्यांची भिंत म्हणजे एकावर एक रचलेली आडवी अंगंच. ओल्या ओंडक्यांची ३ मीटर उंच भिंत काही वर्षांत १५ सेंटिमीटर किंवा त्याहूनही जास्त खाली बसते. दाराची चौकट आणि उभे खांब मात्र तेवढेच राहतात. म्हणून जाणते सुतार चौकटीच्या वर मोकळी जागा ठेवून ती फळीने झाकतात आणि खांबाखाली फिरवता येणारा स्क्रू-जॅक बसवतात. तो जॅक भिंत बसेल तसा दरवर्षी थोडा खाली घ्यावा लागतो. ही तयारी नसेल तर दारं अडकतात आणि छप्पर वाकतं.

अशी घरं दुरुस्तही होतात. रशियातल्या किझी बेटावर १७१४ मधलं बावीस घुमटांचं लाकडी चर्च आहे. त्याच्या जीर्णोद्धारात वरचा भाग पोलादी सांगाड्याच्या आधाराने उचलून धरला, ओंडके थरांथरांनी काढले, कुजलेला भाग कापून तिथे नवं लाकूड सांधलं आणि ओंडके परत जागेवर बसवले.

तुमच्या जागेसाठी माझं मत विटांच्या भिंती आणि पुढे तळखड्यांवर साखूचे खांब असलेली रुंद पडवी, या बाजूने आहे. ओंडकेच हवे असतील तर ते वाळवलेले घ्या, पाया भरतानाच आयएस ६३१३ प्रमाणे वाळवीविरोधी उपचार करा आणि सर्वांत खालचा ओंडका जमिनीपासून निदान ४५ सेंटिमीटर वर ठेवा. जोत्याभोवती झाडं लावू नका, माती चढवू नका. वाळवी वर चढते ती मातीच्या नळ्या बांधत, आणि जोतं उघडं असेल तर त्या नळ्या झाडू मारतानाच नजरेला पडतात.