पंखा फक्त चारवरच का फिरतो?



आखातात राहणाऱ्याला गाडीचं इंजिन एक वेळ कुरकुरलेलं चालतं, पण ए.सी.चा पंखा रुसला की घर डोक्यावर घेतलं जातं. गेल्या ऑगस्टमध्ये आमचं तेच झालं. शारजाहून दुबईला जाताना ऐन ट्रॅफिकमध्ये पंखा बंद पडला. मागच्या सीटवर तीन वर्षांची लेक, बाहेर ४५ अंश. खिडक्या उघडल्या तर भट्टीची झळ आत. लेक लालबुंद झाली, रडायचीसुद्धा थांबली, तेव्हा मात्र आमचं धाबं दणाणलं. घाईघाईत नॉब शेवटच्या आकड्यावर फिरवला आणि पंखा भर्रकन सुरू झाला! एक, दोन, तीनवर काही नाही, चारवर मात्र वादळ.

एका गॅरेजने सांगितलं, "पूर्ण मोटर बदला." आम्ही जरा थांबलो, अभ्यास केला. जे शिकलो ते आपल्यासमोर मांडतो आहोत.

दुखणं कुठे असतं?

आपल्या गावच्या घरातला जुना, डब्यासारखा फॅन रेग्युलेटर आठवतो? हात लावला तर गरम लागायचा. त्यात तारेची वेटोळी असत. वीज त्यातून अडखळत गेली की पंखा हळू फिरे. गाडीतही बहुधा हीच युक्ती असते. त्या भागाला रेझिस्टर म्हणतात. एक नंबरवर वीज सगळ्या वेटोळ्यांतून जाते, दोनवर थोड्या कमी. शेवटच्या आकड्यावर ती रेझिस्टरला वळसा घालून थेट मोटरकडे जाते. म्हणून फक्त चार चालत असेल तर मोटर जिवंत आहे, रेझिस्टर जळला आहे, असं समजायला हरकत नाही. (ऑटोमॅटिक क्लायमेट कंट्रोलच्या गाड्यांत बहुधा इलेक्ट्रॉनिक भाग असतो, तिथे हा ठोकताळा लागू नाही.)

पंखा कुठल्याच आकड्यावर फिरत नसेल, तर आधी फ्यूज आणि रिले पाहा, मग मोटर.

दुरुस्ती

१. काम सकाळी लवकर किंवा सावलीत करा. १५ जून ते १५ सप्टेंबर दुपारी १२.३० ते ३ उघड्यावर काम करायला इथल्या कायद्यानेच बंदी आहे. आपणही तो नियम पाळावा.

२. गाडी बंद करून बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा. पिवळ्या वेष्टनातल्या वायरी एअरबॅगच्या असतात, त्यांना हात नको.

३. बऱ्याच गाड्यांत ब्लोअर ड्रायव्हरशेजारच्या सीटसमोर, ग्लोव्ह बॉक्सखाली असतो. इथे तो उजवीकडे सापडेल, भारतात डावीकडे. शेजारीच, हवेच्या वाटेत, दोन स्क्रूंनी रेझिस्टर बसवलेला असतो. तिथे बसवतात कारण वाऱ्यानेच तो थंड राहतो.

४. कनेक्टर काढून पाहा. प्लास्टिक वितळलेलं किंवा तपकिरी झालेलं असेल तर तोही बदला.

५. आपल्याच मॉडेलचा रेझिस्टर बसवा. तार जोडून जुगाड करू नका, मोठा फ्यूजही घालू नका. आगीला आमंत्रण देणं ते हेच.

पुन्हा का जळतो?

इथल्या वाळूने केबिन फिल्टर तुंबतो, वारा कमी होतो आणि रेझिस्टर तापतो. आमचा फिल्टर काढला तर झाडून मूठभर वाळू पडली! मोटर जड फिरत असेल, किरकिरत असेल, तरी ती जास्त वीज ओढते आणि नवा रेझिस्टरही खाते. म्हणून दोन्ही तपासा.

आणि हीटर?

"इथे हीटर कशाला?" असं आम्हीही म्हणायचो. पण निळ्या-लाल नॉबमागे एक झडप असते. ती अर्धवट अडकली की इंजिनची गरम हवा थंड हवेत मिसळते आणि आपण ए.सी.च्या गॅसला दोष देत बसतो. इंजिन तापल्यावर ए.सी. बंद ठेवून नॉब निळ्यापासून लालपर्यंत फिरवा. हवेत फरक पडला नाही तर केबल सुटली असेल किंवा झडप अडकली असेल. डॅशबोर्डमागे टक-टक आवाज आला तर झडप फिरवणाऱ्या छोट्या मोटरचे दाते तुटलेले असू शकतात. गॅसचे पाइप मात्र घरी कधीच उघडू नयेत.

शिवाय रस्त्यात इंजिनचा काटा वर चढू लागला तर ए.सी. बंद, खिडक्या उघड्या, हीटर आणि पंखा पूर्ण! इंजिनची थोडी उष्णता त्या वाटेने बाहेर पडते आणि गाडी सुरक्षित जागी थांबवायला वेळ मिळतो. त्यासाठीही पंखा चालू हवाच.

आमचं काम एका सकाळी झालं आणि मोटरचा खर्च वाचला. पण खरी कमाई वेगळीच. आता उन्हाळा सुरू होण्याआधी, मार्चमध्येच, आम्ही पंख्याचे चारही आकडे फिरवून पाहतो आणि फिल्टर झटकतो. पाच मिनिटांचं काम आहे. मागच्या सीटवर लहान मूल किंवा गावाहून आलेले आई-बाबा बसत असतील, तर आपणही ते जरूर करावं.