आधी टेप, मग स्क्रीन
सिम रेसिंगचा मॉनिटर घेताना चंद्रपूर-गडचिरोलीकरांनी काय मोजावे, किती मोजावे

नागपूरला बर्डीच्या दुकानात शिरलात की पहिला प्रश्न येतो, "किती इंची दाखवू?" सिम रेसिंगसाठी मॉनिटर घेणाऱ्याने या प्रश्नाला लगेच उत्तर देऊ नये. तुमचा डोळा स्क्रीनपासून किती सेंटीमीटरवर असणार, हे आधी ठरायला हवे. ते घरीच ठरते, शिंप्याच्या टेपने, दोन मिनिटांत.

मी ते केले नाही. टेबलाला स्टिअरिंग कसलेले, त्यामागे भिंतीला टेकलेला २७ इंची मॉनिटर. गाडी चालवताना बाजूचे काही दिसेना म्हणून सरळ ३४ इंची रुंद मॉनिटर उचलून आणला. छान दिसत होता. महिनाभराने टेप लावला तेव्हा लक्षात आले की डोळा स्क्रीनपासून ८० सेंटीमीटरवर आहे, आणि जुना २७ इंची नुसता २० सेंटीमीटर पुढे ओढला असता तरी आडवे तेवढेच दिसले असते. पुढे ओढण्याचा खर्च होता अडीच हजार. मी घातले तीस हजार.

हे कसे, ते खिडकीवरून समजते. मोहर्लीला एखाद्या खोलीच्या खिडकीपासून चार पावले मागे उभे राहिलात तर इरईच्या पाण्याचा एक तुकडा दिसतो. काचेला नाक लावलेत तर दोन्ही काठ दिसतात. खिडकी तीच आहे, बदलले ते अंतर. स्क्रीन ही गाडीतून बाहेर बघायची खिडकी आहे आणि ती तुमच्या डोळ्यासमोर जितके अंश व्यापते, तितकेच अंश गेमने दाखवायला हवेत. याला फील्ड ऑफ व्ह्यू म्हणतात. गेममध्ये ही सेटिंग 'एफओव्ही' या नावाने असते.

बहुतेक जण हा आकडा हवा तसा वाढवतात. वाढवला की आरसे दिसतात, डॅशबोर्ड दिसतो, वेगही जोरदार वाटतो. पण ५३ अंशांच्या खिडकीत ९० अंशांचे दृश्य कोंबले की सगळे आकसते. समोरचे वळण आहे त्यापेक्षा लांब भासते, त्यामुळे ब्रेक कुठे मारायचा याचा अंदाज बसत नाही. मागचे चाक सटकले तरी चित्र थोडेच हलते, आणि ते कळेपर्यंत गाडी गवतात गेलेली असते. खरा आकडा लावल्यावर पहिले दोन दिवस घोड्याच्या डोळ्यांना झापडे बांधल्यासारखे वाटते, वेगही मंद वाटतो. आठवडाभर धीर धरा. मग एकाच जागी ब्रेक पडू लागतो.

हिशेब बारावी सायन्सवाल्याला तोंडपाठ असेल. स्क्रीनची अर्धी रुंदी भागिले डोळ्याचे अंतर, येईल त्या संख्येचा उलटा टॅन, आणि त्याची दुप्पट. मोबाइल आडवा धरला की कॅल्क्युलेटरमध्ये ते बटण दिसते. कॅल्क्युलेटर अंशांवर आहे ना, तेवढे पाहा. आणि इंच हे तिरपे माप आहे, रुंदी नव्हे. २४ इंचीची रुंदी साधारण ५३ सेंटीमीटर, २७ इंचीची ६०, ३२ इंचीची ७१, ३४ इंची रुंद मॉनिटरची ८०, ४३ इंची टीव्हीची ९५ आणि ४९ इंची लांबलचक मॉनिटरची १२०.

आता ६० सेंटीमीटरवरून पाहू. २४ इंची ४८ अंश देतो, २७ इंची ५३, ३२ इंची ६१, ३४ इंची रुंद ६७. हाच २७ इंची ८० सेंटीमीटरवर ढकलला की ४१ अंशांवर येतो. ४३ इंची टीव्ही मोठा वाटतो खरा, पण मीटरभर लांब ठेवला तर ५१ अंशच देतो, म्हणजे जवळच्या २७ इंचीपेक्षा कमी. हॉलमधल्या टीव्हीसमोर खुर्ची टाकून खेळणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे.

एका ठिकाणी हमखास घोळ होतो. आयरेसिंग हा गेम आडवे अंश धरतो आणि स्क्रीनची मापे दिली की आकडा स्वतःच काढून देतो. असेटो कोर्सा आणि असेटो कोर्सा कॉम्पेटिझिओने मात्र उभे अंश मागतात. ६० सेंटीमीटरवरच्या २७ इंचीला तिथे ५३ नव्हे, ३१ भरायचे. उभ्या अंशांसाठी सूत्र तेच, रुंदीच्या जागी उंची घ्यायची, जी २७ इंचीत जवळपास ३४ सेंटीमीटर असते. एफ-वनच्या गेममध्ये अंशच दिसत नाहीत, नुसती पट्टी मागेपुढे सरकवावी लागते. तिथे डोळ्याने जुळवा. आणि एकाच स्क्रीनवर बाजूची गाडी अजिबात दिसत नसेल तर हिशेबापेक्षा आठ-दहा अंश जास्त ठेवायला हरकत नाही. स्टिअरिंगवरची दोन बटणे डावी-उजवीकडे बघण्यासाठी लावून ठेवा.

आता पैशांचे. खालचे दर बाजारातले साधारण पल्ले आहेत. सणाच्या सेलमध्ये ते खाली येतात.

सगळ्यात स्वस्त उपाय नवा मॉनिटर घेण्याचा नाही, आहे तो पुढे आणण्याचा आहे. टेबलाला कसलेल्या स्टिअरिंगच्या मागे मॉनिटर ठेवला की अंतर आपोआप ७५-८० होते. मॉनिटर आर्म दीड ते तीन हजारांत मिळतो. तो मॉनिटरला थेट स्टिअरिंगच्या माथ्यावर आणतो, टेबलाची जागाही मोकळी होते. घेण्याआधी मॉनिटरच्या पाठीला चार स्क्रूंची जागा आहे का आणि आर्म तेवढे वजन पेलतो का, ते पाहा. दुसरा रस्ता म्हणजे टेबल सोडून स्टिअरिंगला वेगळा स्टँड करणे. तयार स्टँड सहा ते बारा हजारांना पडतो. आपल्याकडे तो चौकोनी पाइपातून वेल्डिंगवाल्याकडून किंवा १८ मिलिमीटरच्या प्लायमधून सुताराकडून चार-सहा हजारांत होतो. इथल्या सागवानाचा मोह आवरा. बल्लारशाहचा साग अयोध्येच्या राममंदिराला गेला, तुमच्या पेडलखाली प्लाय पुरेल. स्क्रीनचा मध्य डोळ्याच्या पातळीत येईल, एवढे मात्र सुताराला बजावून सांगा.

नवीनच घ्यायचा असेल तर १०० हर्ट्झच्या वरचा २४ इंची आठ ते अकरा हजारांत येतो. बेताचा पीसी किंवा साधा गेमिंग लॅपटॉप असलेल्याला तो पुरतो. माझी पसंती मात्र २७ इंचीला, १४४० रेझोल्यूशनच्या, सोळा ते बावीस हजारांच्या. २७ इंचात १०८० घेतला आणि स्क्रीन जवळ ओढली तर दाणे दिसू लागतात. ३२ इंची वीस ते अठ्ठावीस हजारांना आहे आणि एकाच स्क्रीनवर थांबायचे असेल तर तो हिशेबात बसतो. ३४ इंची रुंद मॉनिटर अठ्ठावीस ते चाळीस हजार. त्याची उंची २७ इंचीएवढीच असते, पैसे नुसत्या रुंदीला जातात. ४९ इंचीला ऐंशी हजारांपासून पुढे कितीही. तेवढ्या पैशांत तीन मॉनिटर येतात आणि तीन मॉनिटर जास्त दाखवतात.

तीन मॉनिटर हा या छंदाचा खरा राजमार्ग. २७ इंची तीन, प्रत्येक डोळ्यापासून ६० सेंटीमीटरवर, बाजूचे दोन आत वळवलेले, तर जवळपास १६० अंश मिळतात. शेजारून घासून जाणारी गाडी मान वळवून दिसते. खर्चही तसाच. मॉनिटर पन्नास ते पासष्ट हजार, तिघांना धरणारा स्टँड आठ ते पंधरा हजार, केबल वेगळ्या. आणि मग ग्राफिक्स कार्ड. १०८० च्या एका स्क्रीनवर सुमारे २१ लाख बिंदू असतात, १४४० च्या एकावर ३७ लाख, तिघांवर १ कोटी १० लाख. पंचवीस-तीस हजारांचे कार्ड एक स्क्रीन झोकात चालवते, पण तिघांना १४४० वर ओढायला पन्नास-साठ हजारांच्या कार्डाची तयारी ठेवावी लागते. १०८० चे तीन २४ इंची हा मधला मार्ग आहे. तीस हजारांच्या आसपास मॉनिटर, ६२ लाख बिंदू आणि जवळजवळ १४० अंश. एकदम तिन्ही घेणे जमत नसेल तर आधी एक घ्या, पण मॉडेल नंबर लिहून ठेवा. वर्षभराने तेच मॉडेल मिळेलच असे नाही, आणि तिघांचे रंग-उंची जुळले नाहीत तर रोज डोळ्यांना खुपते. लॅपटॉपवाल्यांनी तीन स्क्रीन जोडायला पोर्ट आहेत का ते आधी पाहावे. गेम तिन्ही स्क्रीनचे चित्र वेगळे रेखाटतो का, हेही बघावे. नाही तर बाजूची चित्रे च्युइंगमसारखी ताणलेली दिसतात.

टीव्ही घरात असेलच तर गेम मोड सुरू करा. त्याशिवाय स्टिअरिंग वळवल्यावर चित्र उशिरा वळते. मुद्दाम टीव्ही विकत घेण्याचा सल्ला मी देणार नाही.

व्हीआर हेडसेटने मोजमापाची कटकटच संपते. मान फिरवाल तिकडे दिसते. मेटा क्वेस्ट ३एस चाळीस हजारांच्या आसपास येतो आणि सुमारे ९६ अंश दाखवतो, त्याचा मोठा भाऊ क्वेस्ट ३ जवळपास ११०. पीसीवरचे गेम खेळायचे तर कार्ड दणकट लागते ते वेगळेच. पण मे महिन्यात चंद्रपूरच्या उकाड्यात डोळ्यांवर ती पेटी बांधून अर्धा तास बसून दाखवा. चष्मेवाल्यांच्या काचांवर वाफ धरते. शिवाय काहींना मळमळते. मित्राकडे एकदा लावून पाहिल्याशिवाय घेऊ नका.

उकाड्याचे आणखी एक. मॉनिटरच्या पुस्तिकेत चालण्याचे तापमान बहुधा शून्य ते चाळीस अंश लिहिलेले असते. आपल्याकडे पारा पंचेचाळीस ओलांडतो, आणि बंद खोलीत पीसी स्वतःच तीन-चारशे वॅटची शेगडी होऊन बसतो. उन्हाळ्यात दुपारी खेळू नका, रात्री खेळा. कूलरची दमट हवा थेट मॉनिटरच्या पाठीवर येऊ देऊ नका. तुकूम-दुर्गापूरकडे राहणाऱ्यांच्या खिडक्यांवर वीज केंद्राची राख आणि कोळशाची काळी धूळ बसते. स्क्रीन कोरड्या फडक्याने रगडली तर तीच धूळ चरे पाडते. आधी फुंकणीने उडवा, मग ओलसर मऊ कापड फिरवा.

लाइन जाण्याचा खर्चही धरा. पीसी आणि एक मॉनिटर सांभाळायला १००० व्हीएचा यूपीएस पाच-सहा हजारांना मिळतो. तो शर्यत पूर्ण करण्यासाठी नाही, पीसी नीट बंद करण्यासाठी आहे. तीन मॉनिटर असतील तर बाजूचे दोन यूपीएसवर घेऊ नका. अहेरी, एटापल्ली, भामरागडकडे पावसाळ्यात विजा कडाडू लागल्या की प्लग काढून ठेवणे हाच विमा. घराला अर्थिंग नीट आहे का, ते इलेक्ट्रिशियनकडून आधी तपासून घ्या. विजेचे बिल त्या मानाने किरकोळ. तीन मॉनिटरसकट साडेचारशे वॅट धरा, रोज दोन तास, महिन्याचे पंचवीस दिवस. साडेबावीस युनिट होतात.

कुठून घ्यावा? ऑनलाइन स्वस्त पडतो, पण ऑर्डर करण्याआधी तुमच्या पिनकोडवर माल पोहोचतो का, आणि ऑन-साइट वॉरंटी त्या पिनकोडला लागू आहे का, हे दोन वेगळे प्रश्न विचारा. माल आलापल्लीपर्यंत येतो, दुरुस्तीवाला येत नाही, असे होते. मग मॉनिटर नागपूरच्या सर्व्हिस सेंटरला न्यायचा. चंद्रपूरहून एका बाजूचे दीडशे किलोमीटर, आणि तोही खोके जपून ठेवले असेल तरच नीट नेता येतो. चंद्रपूरच्या दुकानात हजार-बाराशे जास्त द्यावे लागले आणि दुकानदार वॉरंटीचे स्वतः करून देणार असेल, तर ते पैसे वाया गेले असे मी म्हणणार नाही. मात्र तसे बिलावर लिहून घ्या. एखादा मेलेला बिंदू निघाला तर बदलून मिळेल का, हेही विचारा. बऱ्याच कंपन्या एका बिंदूसाठी बदलून देत नाहीत.

३२ इंचांपेक्षा मोठ्या मॉनिटर आणि टीव्हीवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्क्यांवर आला आहे. करापूर्वी तीस हजारांचा मॉनिटर पूर्वी ३८,४०० ला पडायचा, आता ३५,४००. जुना दर लावून कोणी '३४ इंची महागच असतो' म्हणाले तर बिलावरची टक्केवारी वाचा. ३२ इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर आधीही १८ टक्केच होता.

खोके उघडताना सुरुवातीपासून अखंड व्हिडिओ काढा, लेबल आणि सील दिसेल असा. फुटका पॅनल निघाला आणि विक्रेता हात वर करू लागला तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. तेवढ्यावर भागले नाही तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्याच जिल्ह्याच्या ग्राहक आयोगात तक्रार करता येते. विक्रेता बंगळुरूचा असला तरी चंद्रपूरकराने चंद्रपूरला आणि गडचिरोलीकराने गडचिरोलीलाच जायचे. मोजलेली रक्कम पाच लाखांपर्यंत असेल तर तक्रारीला शुल्क लागत नाही.